मोजणाऱ्याचीच चूक

प्रिय घुम्या,

फोन तू उचलत नाहीस आणि निरोप पाठवला तर नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. माझं अक्षर लावताना शिव्या देशील, खुशाल दे. घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागलाय. नर्स म्हणून जन्मभर दुसऱ्यांना हाताला धरून चालवलं, आता स्वतःला चालायला सांगितलं की तिचा पारा चढतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना अजूनही वाटतं की मी लष्करात कुणा कर्नलच्या हाताखाली आहे. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी, कुठल्या प्रोग्रामला किती वेळ आणि किती जागा द्यायची हे तो ठरवतो, असं मी त्यांना परवा पुन्हा एकदा समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो तुझी बदली कुठे करणार आहे?" मी हात टेकले.

तुझं टेबल मी खिडकीपाशी ओढून घेतलंय. तू येशील तेव्हा परत जागच्या जागी जाईल. तुझे कप मात्र धुवून ठेवले, त्यात काहीतरी उगवायला लागलं होतं.

तू घर सोडून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तुमच्या रुग्णवाहिका केंद्रातल्या त्या थोरल्या बाई घरी आल्या होत्या, फोन घेणाऱ्यांच्या प्रमुख. एक माणूस गेलं आणि आकडे चुकीचे आहेत, एवढंच तू घरी बोलला होतास, त्यामुळे त्या दिवशी नेमकं काय झालं ते आम्हाला त्यांच्याकडून कळलं. फोन आला होता, पत्ता नोंदवला होता, आणि जवळची गाडी शोधून देणारा तुझा प्रोग्राम नुसता अडकून बसला. गाडी उशिरा पोचली आणि जिच्यासाठी फोन आला होता ती शिक्षिका वाटेतच गेली. मग बैठक. मोठ्या साहेबांनी भिंतीवर आलेख लावला आणि चिपपासून मेमरीपर्यंतचा सगळा रस्ता तुझ्याच प्रोग्रामने अडवला होता हे दाखवलं. बाई म्हणाल्या, "तुमचा भाऊ एकदाच बोलला. म्हणाला, हे आकडे खरे धरले तर ही चिप तिच्या ताकदीपेक्षा जास्त मेमरी वाचतेय. असं होऊच शकत नाही." त्यावर साहेब म्हणाले, "आता चिपला दोष देणार का?" आणि काही जण हसले. संध्याकाळी राजीनामा दिलास.

बाईंना त्यातलं तांत्रिक काही कळत नव्हतं, पण ते हसणं त्यांच्या मनातून जात नव्हतं. "तुम्ही त्याच कामातल्या ना, एकदा बघाल का?" असं त्यांनी मला विचारलं. खरं सांगते, तुला सोडवायचं म्हणून मी त्यात शिरले नाही. तू चुकला असशील, असंही मनात येऊन गेलं होतं. पण तुझं ते वाक्य मला बोचत राहिलं, कारण ते तपासता येण्यासारखं होतं. चिपमधले काउंटर, म्हणजे तिचं काम मोजणारे मापारी, आणि कर्नेल यांची सांगड घालणं हेच माझं रोजचं काम. साहेबांना मी भेटायला गेले, तर ते अवघडले, पण त्यांनी मूळ आकडे दिले आणि चाचणीसाठी एक जादाचं मशीनही दिलं. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. दुसरा कुणी असता तर दारातूनच वाटेला लावलं असतं.

तुझं म्हणणं बरोबर निघालं. मधूनमधून आकडे अशक्य होते. साहेबांच्या आलेखात सरासरी काढलेली, त्यामुळे ते झाकले गेले होते.

मग मी कर्नेलचा तो भाग उकलायला घेतला. आईला समजावलं तसंच तुलाही सांगते, तू हसलास तरी चालेल. चिपमध्ये काउंटर मोजकेच आणि मोजायच्या गोष्टी ढीगभर. म्हणून कर्नेल पाळ्या लावतं, थोडा वेळ हे मोज, थोडा वेळ ते, आणि त्यावरून पूर्ण वेळाचा अंदाज काढतं. आई नाडी थोडा वेळ मोजून मिनिटाचा आकडा सांगायची, तसंच. आता समज, नर्सने नाडी मोजायला सुरुवात केली पण घड्याळाकडे तिचं लक्ष उशिरा गेलं. ठोके भरपूर, वेळ थोडा. धडधाकट माणसाचीही नाडी धावतेय असंच कागदावर येणार. इथे नेमकं तेच होत होतं. चिप झोपेतून उठली की काउंटर ताबडतोब मोजायला लागायचा, पण किती वेळ मोजलं हे टिपणारं कर्नेलमधलं घड्याळ किंचित मागाहून सुरू व्हायचं. तुझा प्रोग्राम फोन आला की जागा, नाहीतर गपगार. दर वेळी उठताना त्याच्या नावावर थोडा फुगवटा चढत गेला. जो प्रोग्राम कधी झोपतच नाही, त्याचा आकडा अगदी चोख.

आणि तसा एक होता. फोनवरच्या संभाषणांच्या ध्वनिफिती दुसऱ्या डिस्कवर उतरवणारा. पूर्वी तो रात्री चालायचा, मग कुणीतरी सोयीसाठी दिवसभर सुरू ठेवला. मी घड्याळाची दुरुस्ती करून जादाच्या मशीनवर पुन्हा मोजलं. मेमरीचा रस्ता अडवणाऱ्यांच्या यादीत तुझा प्रोग्राम तळाला गेला आणि हा गडी वर आला. त्याला थांबवलं आणि गाडी शोधायला लागणारा वेळ झटकन खाली आला. साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मला परत एकदा मोजायला लावलं. मग म्हणाले, "त्याला बोलवा." मी म्हटलं, "तो माझाही फोन उचलत नाही."

आता जे आहे तेवढंच सांगते, गोड करून नाही. गाडी वेळेवर गेली असती तर त्या शिक्षिका वाचल्या असत्या का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण उशीर तुझ्या कामामुळे झाला नव्हता. चौकशी पुन्हा उघडलीये आणि त्या शिक्षिकेच्या मुलीला साहेबांनी स्वतः जाऊन हे सांगितलंय. तू रोज अंथरुणातून उठताना जे अंगावर घेऊन उठत असशील, ते तुझं नाहीये, घुम्या.

आईबद्दल लिहू की नको, असं चाललं होतं. तू बॅग घेऊन दारात उभा असताना ती जे बोलली, "एक माणूस गेलंय आणि तू आकड्यांवरून वाद घालतोस?" ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. नाडीचं उदाहरण देऊन मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "म्हणजे तो खरं सांगत होता?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ती भाजी तशीच टाकून उठली, तो गुडघा घेऊन एकटी जिने उतरली, आणि दुपार टळल्यावर घामाघूम होऊन परत आली. तुझ्या शहराकडे जाणारी बस कुठून सुटते, मधे बदलावी लागते का, हे विचारायला गेली होती. हे तुला कळवायचं नाही अशी तिने मला ताकीद दिलीये.

आता कामाचं. माझी दुरुस्ती मी कर्नेलवर काम करणाऱ्या जगभरच्या मंडळींपुढे ठेवली. कर्नेलचा हा भाग ज्याच्या ताब्यात आहे त्याला आम्ही मास्तर म्हणतो, कारण कुणाचंही काम तो खुणा करूनच परत पाठवतो. माझंही पाठवलं, मी दोनदा सुधारलं, आणि आता ते त्याला पसंत पडलंय. त्याने एकच गोष्ट विचारली, चूक आधी कुणाच्या लक्षात आली? दुरुस्तीखाली त्या माणसाचं नाव लिहायची आमच्यात रीत आहे, आणि ते कायमचं राहतं. पण त्याला विचारल्याशिवाय लिहीत नाहीत. एवढ्यासाठी हे पत्र. बैठकीत तू बोललास तेव्हा कुणी टिपून घेतलं नाही. मास्तर सोमवारपर्यंत थांबायला तयार आहे. हो की नाही, तेवढं कळव. तू नाही म्हणालास तरी दुरुस्ती जाईल, पण ती ओळ रिकामी राहील. माझं नाव मी तिथे घालणार नाही, कारण आधी तू सांगितलं होतंस.

तुझीच,
ताई