टेलिफोन धाकटीला

मी, निवृत्त शिवणशिक्षिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तेवढ्याने ज्यांना पटत नसेल त्यांनी माझ्याशी पत्ते खेळून पाहावेत.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलाला. त्याने भिंतींना हवा तो रंग द्यावा, टेलिफोनची तार मात्र तोडू नये.

२. शिवणयंत्र सुनेला. ते हल्ली तिचेच ऐकते.

३. माझ्या धाकट्या बहिणीला एकाने फोनवर सांगितले, "मॅडम, तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, आम्ही इथून काढून देतो." काढून देता देता त्याने तिचे खाते धुऊन नेले. बँकेतले साहेब वर म्हणाले, "शिकलेल्या बाई तुम्ही, अशा कशा फसलात?" त्या दिवसापासून धाकटी माझ्याकडेच राहते, पण तिने फोन उचललेला नाही. सदर साहेबांना मी काहीही ठेवत नाही, हे मुद्दाम नमूद करते.

४. पुढे तसेच फोन मलाही येऊ लागले. मी भोळी म्हातारी झाले. "थांबा हं बाळा, चष्मा शोधते," म्हणायचे, रिसीव्हर टेबलावर ठेवायचा आणि रेकॉर्डर चालू. सावज हातचे जाईल म्हणून ही माणसे फोन ठेवत नाहीत. म्हातारी गेली असे समजून आपापसात बोलत बसतात. मुलगा म्हणे, "आई, कशाला त्यांच्या नादी लागतेस?" एकदा पलीकडे एकाने दुकानाचे नाव घेऊन चहा मागवला, "वर चौथ्या मजल्यावर पाठव, लिफ्टशेजारचं दार." ते रेकॉर्डिंग मी पोलिसांना दिले. आधी दुकान सापडले, मग ते दार. खुर्च्यांसकट सगळे जप्त झाले.

५. अशी दारे अजून पुष्कळ आहेत. म्हणून टेलिफोन, रेकॉर्डर आणि माझा नंबर धाकटीला. ती म्हणते, "ताई, फोन वाजला की मी स्वयंपाकघरात पळते गं." तिने नकार दिल्यास टेलिफोन कायमचा बंद करावा.

६. वरील कलम लिहून होते न होते तोच टेलिफोन वाजला. मी लिहीतच राहिले. बराच वेळ वाजला. मग धाकटी उठली.

"हो, आहे ना कंप्युटर. व्हायरस? अगंबाई. थांबा हं बाळा, चष्मा शोधते."

रिसीव्हर टेबलावर ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. चष्मा नाकावरच होता. माझा थंड झालेला चहा तिने पिऊन टाकला.

सबब कलम ५ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे.

सही: धाकटीची ताई
साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य, खालच्या मजल्यावरचे घड्याळजी
दिनांक: ९ ऑक्टोबर
स्थळ: राहत्या घरी, टेलिफोनच्या टेबलाजवळ. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यादेखत, अजिबात आवाज न करता सह्या केल्या, कारण पलीकडचा माणूस अजून बोलतो आहे.