दोनशे चाळीस लिटरमध्ये पाच

४ फेब्रुवारी

निखिलच्या क्लिनिकमध्ये काच आली. चार फुटी टाकी. खडक, वाळू धरून प्रत्यक्ष पाणी दोनशे चाळीस लिटर.

निखिल सुताराला म्हणाला, "समुद्राचं सगळं मॅडम ठरवतील." मॅडम म्हणजे मी. त्याच्याशी साक्षगंध झाल्यापासून चारचौघांत मी मॅडम. मत्स्यविज्ञान शिकून पाणी तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते, त्यामुळे दातांच्या दवाखान्यातला समुद्र माझ्याकडे.

"किती मासे टाकायचे?"

"पाच."

"पाच? यार, पंगत मांडून पाचच माणसं बोलावल्यासारखं वाटेल."

सांगितलं. माशांची घाण पचवणारे जिवाणू खडकात वाढतात, ते मावतील तेवढेच मासे. हे पाणी नळाचं नाही, गाळून मीठ घालून बनवायचं. चंद्रपुरात बिघडलं तर बदलायला समुद्र नाही.

"ठीक आहे. तू म्हणशील तसं."

बरं वाटलं. लिहून ठेवते.

१९ फेब्रुवारी

अमोनिया उतरतोय. नायट्राइट अजून आहे. ही दोन्ही विषं शून्यावर येईपर्यंत मासे नाहीत, नुसता खडक. रिसेप्शनवरची सुषमा म्हणते, "ताई, पेशंट विचारतात, गोट्यांले लाईट काऊन लावला?"

नि.ची आई आली होती. चामोर्शीकडची. मला आवडते, मोकळी आहे. टाकीपुढे खुर्ची ओढून बसली. दर शिवरात्रीला मार्कंड्याला जाते, वैनगंगेत माशांना कणकेच्या गोळ्या टाकते. "पायरीपाशी येतेत ना बाई. हातातून घेतेत. मले वळखतेत." इथे मासे आले की पहिल्या गोळ्या तिच्याच हातच्या.

ती गेल्यावर नि.ला म्हटलं, कणीक इथे चालणार नाही. नदी वाहून नेते, टाकीत ती तळाशी बसून सडते. आईंना तू सांगतोस की मी सांगू?

"मी सांगतो. तुझ्याकडून ऐकलं तर तिला वाईट वाटेल."

हेही बरं वाटलं.

८ मार्च

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. क्लाउनफिशची जोडी सोडली. पिशवीत थेंब-थेंब पाणी घालत बसले, नि. दोनदा येऊन "झालं का?" विचारून गेला. मोठी मादी. दोघं अजून एका कोपऱ्यात.

२३ मार्च

तिसरा: गोबी मासा. सोबत त्याची कोळंबी. तिला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ खणते, तो तोंडाशी पहारा देतो. तिची एक मिशी कायम त्याच्या अंगाला. धोका दिसला की तो शेपूट हलवतो, ती आत. सुषमा जेवणाचा डबा घेऊन टाकीसमोर बसते आता.

नि.: "चांगलं आहे. पण खाली-खाली वाटून राह्यलं."

दोन राहिलेत. तीन आठवड्यांनी एक, मग एक. क्लिनिकच्या रीतसर उद्घाटनाला तीनच असतील, हे त्याला पुन्हा सांगितलं. मान हलवली.

"खाऊ टाकू नये" अशी पाटी काचेवर लावून आले.

२ एप्रिल

एटापल्लीकडे नमुने घ्यायला गेले होते. हातपंपांचं पाणी. परत आले ते सरळ क्लिनिकमध्ये.

टाकीत चौदा मासे.

नि.नं नागपूरहून मागवले. एक निळा टँग (लहान मुलं सिनेमातून ओळखतात म्हणून, त्याला पोहायला याच्या दुप्पट टाकी लागते). दोन बटरफ्लाय, जे खडकावरचं प्रवाळच खातात. आठ डॅमसेल, जे बाकीच्यांच्या मागे लागतात. गोबी बिळाबाहेर नाही.

"सरप्राइज!"

मी बोटानं मोजायला लागले, तेव्हा म्हणाला, "अगं, तू पाच म्हणाली. दुकानदार म्हणे वीस-पंचवीस आरामात. मी मधला आकडा काढला."

गोलबाजारात वांगी घेताना काढतात तसा. माझा आकडा त्याला मागितलेला भाव वाटला. तो आकडा पाण्याचा होता.

परत पाठव म्हटलं. दुकानदार परत घेत नाही.

५ एप्रिल

उद्घाटन. पाटी काढली होती. विचारलं तर, "शुभदिवशी 'नये' कशाला?"

मी पेढ्यांचं ताट घेऊन त्याच्या आत्यांसमोर. वळून पाहते तर नि.ची आई टाकीपाशी, स्टीलची परात हातात, गोळ्यांनी भरलेली. प्रत्येक पाहुण्याच्या तळहातावर दोन-दोन. "टाका, टाका. पुण्य लागते." लोक रांगेत. लेकरांना उचलून घेतलेलं. डॅमसेल तुटून पडले, सगळे टाळ्या वाजवायला लागले.

मी म्हटलं, "थांबा." बऱ्यापैकी मोठ्यानं.

नि.नं कोपर धरलं. हसत, दुसरीकडे पाहत. "एवढ्यानं काय होते? पाहुणे आहेत. तमाशा करू नको."

आईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणजे तिला माहीतच नव्हतं. त्यानं सांगितलंच नव्हतं.

ताट आत्यांपुढे केलं. पेढे वाटले.

६ एप्रिल

सकाळी सुषमाचा फोन. "ताई, पाणी दुधासारखं झालं."

अमोनियाची नळी गडद हिरवी, शून्याला ती पिवळी असते. टँग गेला होता. मिठाचं जेवढं पाणी तयार होतं तेवढं बदललं, तळातली कणीक नळीनं ओढली. दुपारपर्यंत बटरफ्लाय, डॅमसेल. एकूण नऊ. प्रवाळ मिटलेलं. कोळंबी बिळात मेली, गोबी तोंडाशीच बसून होता.

मी बादलीपाशी फरशीवर. नि. मागे फोनवर, कुणा मित्राशी: "अरे, हिनंच बसवला टँक. लॅबमध्ये असते, पण प्रॅक्टिकल एक्सपीरियन्स नाही ना."

मी ऐकतेय हे त्याला दिसत होतं.

९ एप्रिल

नि.ची आई आली. डोळे सुजलेले. "माझ्या हातानं मेले गं. मले काऊन नाई सांगतलं कोणी?"

मी नि.कडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये.

"सांगितलं होतं ना आई तुला."

"कधी?"

"तुझ्या ध्यानात राहते काय काही?"

मग पदर सावरून म्हणाली, "सांगतलं असन बापा. मीच भुलली असन."

ती विसरलेली नाही. मार्कंड्याला कोणत्या साली पाणी कुठल्या पायरीला होतं, तेही तिला आठवतं. पण "मीच भुलली असन" किती सहज आलं. सवयीचं वाक्य.

मला नऊ माशांपेक्षा ते वाक्य जास्त…

१२ एप्रिल

घरी सांगितलं की मला वेळ हवाय.

माझी आई: "पत्रिका छापून आल्या. मच्छ्यांसाठी लग्न मोडते का कोणी?"

"मच्छ्यांसाठी नाही."

"मंग कायसाठी? दारू पिते तो? हात उचलला?"

"नाही."

"मंग लोकाले काय सांगू मी?"

जे आहे ते कुठल्याच नळीत रंग बदलून दिसत नाही. बाबांनी पत्रिकांचा गठ्ठा उचलून कपाटावर ठेवला.

१५ एप्रिल

उरलेले: क्लाउनची जोडी, गोबी, दोन डॅमसेल. नि.नं मोजले.

"बघ, पाचच राहिले. तुझंच खरं झालं. हस ना आता."

मग म्हणाला, "यावेळी तू म्हणशील तितकेच आणू. सांग आकडा. आणि लग्नानंतर तर तू इथीच राहशील, रोज पाहशील. टेन्शनच नाई."

पाणी आधी बसू दे, एवढंच बोलले.

रोज जाते. मी गेले नाही तर पाणी कोण बघणार? हे त्यालाही माहीत आहे.

१८ एप्रिल

लॅब सुटल्यावर क्लिनिक. नि. आत पेशंटबरोबर.

सुषमाला अमोनियाची चाचणी करायला बसवलं. नळी धुवायची कशी, थेंब उभी बाटली धरून का टाकायचे. पहिल्या खेपेला घाई केली, फिकट हिरवा म्हणाली. पुन्हा करायला लावलं. नळी पांढऱ्या कागदापुढे धरून बराच वेळ पाहिली.

"काऊन ताई, तुम्ही येणार नाई का?"

"रंग सांग."

"पिवळा."

बरोबर होतं. किट तिच्या खणात ठेवलं.

आतून नि.: "मॅडम, आकडा ठरला का?"

गोबीनं नवं बीळ घेतलंय, एकट्यानं. तोंडाशी बसतो. मी चप्पल घातली.