आठशेची थरथर

प्रिय दादा,

पत्र पाहून घाबरू नको, घरी सारे बरे आहेत. धान निसवला, माय रोज बांधीवर जाऊन पाहून येते, बाबा बी बरा आहे. फोन करता आला असता, पन फोन माईजवळ राहाते अन् मी बोलाले लागली की ती बाजूनं "जोरानं बोल वं, तिकडं पुन्याले ऐकू गेलं पायजे" करत राहाते. मंग माह्या तोंडातून काही निघतच नाही. तुले तं मालूम आहे. नववीतून शाळा सोडली ती बी याच्याच पायी, उभं राहून वाच म्हटलं की माहा घसा बंद. लिहाले मात्र येते, म्हनून लिहून राहिली. माय सांगत होती, तू दिवाळीले येत नाही म्हनला. यंदा बी नाही. मी त्याच्यावर काही म्हनत नाही. मले तुले गाडीचं सांगाचं आहे.

आपली पांढरी आठशे. तू गेला त्या दिवशी बी अंगनात थरथरत उभी होती, आठवते का? मंग ते वाढतच गेलं. रेस दिली की गाडी एकदम शहानी, रेस सोडली की पुरी हालते, आरसा हालते, समोर बांधलेला लिंबू नाचते, कधी कधी बंदच पडते. बाबा रोज सकाळी सुरू करते, बोनेटवर हात ठेवून उभा राहाते, मंग बंद करते अन् फडकं मारते. कुठीच नेत नाही. पयले कसं होतं, आंबागडात कोनाले बी तुमसरच्या दवाखान्यात न्याचं असलं की लोक आपल्याच दारात येत. आता पार्वताबाईच्या सुनेचे दिवस भरले अन् पोटात दुखाले लागलं, तवा बी बाबा म्हनला, गाडी बिगडली आहे, भरोसा नाही. लोक दुसऱ्याची गाडी पाहाले पळाले. सून बरी आहे, पोरगी झाली. पन बाबा त्या दिवशी जेवला नाही.

बेबीबाई तं तुले मालूमच आहे, तिले बोलाले कोन अडवते. कुंपनावरून म्हने, "काहो यादोराव, गाडी सुरू केली का धान कांडून राहिले?" बाबा म्हने, "हो हो, झालं जेवन." सारे हासले. बाबा आजकाल मजाक कराले लागला म्हनून मी बी हासली.

तुमसरचा मिस्त्री बोलावू म्हटलं तं बाबा खेकसे, "कायले? तिचं वय झालं, राहू दे." मले बी हात लावू देत नव्हता. मंग परवा तो अन् माय दोघं बांधीवर गेले, तवा मी बोनेट उघडलं. तू शहापूरच्या गॅरेजमधे होता तवा ऐतवारी घरी येऊन मले शिकवे ना, "गुड्डे, पयले कान, मंग हात, अन् स्क्रू सगळ्यात शेवटी." आपल्याकडं तं सारे उलटंच करते, जो येते तो पयले पेचकस घेऊन स्क्रूच फिरवते. मी स्क्रूले शिवली बी नाही.

पयले प्लग पाहिले. इंजिन सुरू ठेवून रबरी मुठीच्या पकडीनं एकेक प्लगची वायर काढून पाहिली. तू म्हनत होता, वायर काढून बी काही फरक पडला नाही तं तोच सिलेंडर झोपला आहे समज. पन इथं कोनती बी वायर काढली की इंजिन अजून लंगडे. तिन्ही सिलेंडर जागे होते. मंग चोक आठवला. सकाळी थंड्या गाडीचा चोक ओढलेला राहाते तवा ती गुमान चालते, अन् चोक आत दाबला की थरथर सुरू. मी लय वेळ तिथंच उभी राहून इचार केला. चोक ओढला म्हनजे पेट्रोल वाढते. पेट्रोल वाढवल्यावर बरी चालते, म्हनजे हवा जास्त होऊन राहिली. म्हनजे हवा कुठून तरी चोरून शिरून राहिली. बरोबर ना दादा? तुही पेट्रोल काढाची लांब नळी पडवीत टांगलेली होती. एक टोक कानाले लावलं अन् दुसरं इंजिनवरून हळूहळू फिरवलं, पंख्यापासून दूर धरून. कारबोरेटरच्या मांगं पोचली अन् सीऽऽऽ. बारीक, उंदराच्या पिल्लावानी. तिथं ती बोटाएवढी काळी रबरी नळी आहे ना, कारबोरेटरच्या बुडातून डिस्ट्रिब्युटरकडं जाते ती? टोकाजवळ वाकते तिथं खालून चिरली होती. वरून पाहाल तं धडधाकट. मी चिरीवर बोट ठेवलं. खरं सांगते, गाडी एकदम शांत झाली. लिंबू बी थांबला. मले असं वाटलं का तू बाजूले उभा आहेस.

चिरलेलं टोक कापून टाकलं, बाकीची नळी पुरली, घट्ट बसवली. तं आता इंजिन जास्तच पळाले लागलं, कारन बाबानं स्क्रू फिरवून फिरवून रेस चढवून ठेवली होती. तो मंग हळूहळू उतरवला. इतकी गुमान चालाले लागली का बेबीबाईच्या घरची फोडनी ऐकू ये.

बाबा आला तवा गाडी सुरूच होती. मी नुसतं गाडीकडं बोट दाखवलं. बाबा आत बसला अन् त्यानं चाबी फिरवली. सुरू असलेल्या गाडीवर. कर्रर्र करून असा आवाज आला का माहे दात आंबले. जलमभर ट्रक चालवलेला मानूस तो, चिखल्याच्या खदानीतून माल भरून येताना मांगच्या टायरात खडा अडकला तरी ऐकून गाडी थांबवे. त्यानं परत फिरवली. मी ओरडली, "बाबा, सुरू आहे! गाडी सुरू आहे!" दादा, मी इतक्या जोरानं कधीच ओरडली नसन. बेबीबाई कुंपनावर आली, रस्त्यावरची पोरं थांबली. बाबानं मांगं वळून बी पाहिलं नाही.

मंग मी समोर जाऊन त्याच्या हातावर हात ठेवला. तो माह्या तोंडाकडं पाहात राहिला, मंग उतरून बोनेटवर हात ठेवला. म्हने, "बंद पडली का?" मी मान हालवली, नाही म्हनून. मंग आम्ही दोघं बी तिथंच पायरीवर बसलो. तो म्हनला, तोंडासमोर कोनी बोललं तं थोडं समजते, मांगून काहीच नाही. थरथरे तं हाताले समजे का गाडी सुरू आहे. म्हनूनच तो कोनाले हात लावू देत नव्हता. म्हने, "ड्रायव्हर बहिरा आहे म्हटलं तं कोन बसन गाडीत? अन् बसवली एखादी अडलेली बाई, मांगून हॉर्न आला अन् मले नाही ऐकू आला तं? म्हनून गाडीवर ढकललं. गाडीले काय, तिले लाज नाही." मंग हासला. म्हने, "तू बी इतकी चांगली केली का मले वाटलं मेलीच."

घरात एक बोलत नाही अन् एकाले ऐकू येत नाही, म्हनून आमचं दोघांचं इतके दिवस जमत गेलं अन् मले काही समजलंच नाही. मी त्याले स्टेअरिंगसमोरची लाल लाइट दाखवली, ती विझली म्हनजे इंजिन सुरू. स्क्रू बी थोडासा चढवून दिला, हाताले समजन इतका. रस्त्यावर तो नेत नाही, नुसती सुरू करते. माईले सांगू नको म्हनला. तुले सांगू नको असं नाही म्हनला.

आता कायले लिहिलं ते सांगते. तू पुन्याले जाच्या आदल्या दिवशी तुमचं दोघांचं वाजलं होतं. जाच्या दिवशी सकाळी बाबा गाडी सुरू ठेवून वाकून काच पुसत होता अन् तू बॅग घेऊन त्याच्या मांगं उभा होता. "येतो बाबा" म्हनला. मंग परत म्हनला. मी ओसरीतून ऐकलं. बाबा वळला नाही अन् तू फाटकातून निघून गेला. आता फोनवर बी तो नुसता हो हो करते अन् माईले देते, मंग तू बी 'बाबाले दे' म्हननं सोडलं. तो तुह्यावर रागावला नाही रे. काच पुसून तो वळला तं अंगन रिकामं होतं. परवा पायरीवर बसल्या बसल्या त्यानं मले इचारलं, "मन्या जाताना मले काही म्हनला होता का?" मी हो म्हनून मान हालवली. काय म्हनला होता, ते तूच येऊन सांग. दिवाळीले ये दादा. मांगून हाक नको मारू. फाटकातून सरळ त्याच्या समोर येऊन उभा राहा, त्याले तुहं तोंड दिसलं पायजे.

तुझीच,
गुड्डी