मी फक्त परवानगी मागितली

ॲशवर्डीन, श्रॉपशर
रविवार, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर

तीर्थरूप डॉरथीवन्सं यांस,

दोन्ही गुडघे संपावर असल्यामुळे वाकून नमस्कार शक्य नाही, तेव्हा खुर्चीत बसूनच केलेला गोड मानून घ्यावा. समुद्राच्या हवेने तुमचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. (थांबला नसेल तरी निःसंकोच कळवा. दुसऱ्याचंही काहीतरी बिघडलंय हे ऐकून मला सध्या बरं वाटतं.) तुमचे बंधू कथबर्ट यांची प्रकृती उत्तम आहे, आणि तीच माझी मुख्य तक्रार आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने अधूनमधून थकावं, निदान बायकोच्या समाधानासाठी तरी. हे थकत नाहीत. ह्यांच्या वाटचं मी थकते.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण आपली जुनी रेल्वेलाईन. तुमच्या त्या दांडगट कुत्र्याने तिच्यावर अर्धं आयुष्य काढलं, तेव्हा तुम्हाला तिची आठवण करून द्यायला नको. रूळ उचलून नेले तेव्हा मी कॉन्व्हेंटात लॅटिन क्रियापदं घोकत होते, आणि तेव्हापासून आपलं अख्खं गाव तिच्यावरून चालत आलं आहे. का चालणार नाही? देवाने ह्या भागात सपाट जमीन ठेवलीच नव्हती. ती त्या रेल्वेवाल्यांनी टेकड्या कापून आणि ओढ्यांवर भराव घालून केली. शेजारच्या लिडस्टनला जायचा मोटाररस्ता म्हणजे आधी छातीवरचा चढ, मग मानेवरचा उतार, आणि दोन्हीकडून ट्रक. बस फक्त मंगळवारी. (तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर.)

आणि लिडस्टनला रोज जायलाच हवं अशी गावात एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे आमची शेजारीण हेस्टर ब्लाउंट. तुम्ही गाव सोडल्यानंतर तिच्या नवऱ्याला, एडगरला, तिथल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. रोज दुपारी ती चाकांचा वॉकर ढकलत लाईनवरून जाते आणि संध्याकाळच्या आत परत येते. एडगर तिला कधी ओळखतो, कधी ‘बाई, तुम्ही इथे नवीन का?’ असं विचारतो. पण ती पोचल्याशिवाय तो चहाच्या कपाला हात लावत नाही. तिथल्या मुलींनी खूप प्रयत्न करून पाहिला. कप तसाच निवतो.

आता मिस्टर ट्रेंचर्डबद्दल. मागच्या वर्षी लंडनहून आले, होम फार्म विकत घेतलं, कोरा करकरीत मेणकापडी कोट घेतला, आणि त्या शेतातून जाणाऱ्या लाईनच्या खिंडीत एक फाटक बसवलं. पुढच्या महिन्यापासून ते कुलूपबंद होणार. माणूस वाईट असता तर फार सोयीचं झालं असतं. तो अत्यंत सभ्य आहे. मेंढ्यांच्या काळजीपोटी करतो म्हणतो. (मेंढ्या एकूण नऊ. त्यांना काळजीची सवय नाही, त्या दचकतात.)

गावाने सभा घेतली. अध्यक्षपद अर्थातच लायनेल पिकव्हान्स यांनी घेतलं. तेच ते भूगोलाचे निवृत्त मास्तर, ज्यांना अजून समोर वर्ग बसलाय असंच वाटतं. त्यांनी कायदा समजावला तो असा: लोक वीस वर्षं एखाद्या वाटेवरून चालत आले असतील तर ती वाट लोकांची होते, पण तीन अटींवर. पहिली, जबरदस्तीने चालता कामा नये. दुसरी, चोरून चालता कामा नये. तिसरी अट सांगितली तेव्हा मी आत स्वयंपाकघरात चहाचा बंब उकळत उभी होते, कारण ह्या गावात चाळीस माणसं जमली की चहा विनिफ्रेडनेच करायचा असा कुठलातरी आणखी जुना कायदा आहे. बंब फुसफुसत होता, बाहेर टाळ्या पडल्या, मी बिस्किटं बशीत लावली. तिसरी अट मला कुणी आत येऊन सांगितली का? नाही. चहा कमी गोड आहे हे सांगायला मात्र तिघेजण आले.

साक्षीदार हवे होते, आणि तिथेच अडलं. गावात निम्मे लोक नवे, त्यांची वीस वर्षं भरायची आहेत. जुन्यांपैकी बहुतेक चर्चच्या आवारात आडवे, त्यांची साक्ष निघत नाही. उरलो पिकव्हान्स, आम्ही दोघं आणि हेस्टर. पिकव्हान्स म्हणाले, एवढ्यावर कसंबसं भागेल, पण लाईनचे अवशेष जागेवर जाऊन पाहू, फोटो काढू, म्हणजे साक्ष पक्की होईल. ‘अवशेष’ हा शब्द ऐकताच तुमच्या बंधूंचे डोळे लग्नात नव्हते इतके चमकले.

आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारी निघालो. वन्सं, त्या लाईनवर आता काय उरलंय ते सांगते, म्हणजे मला पुन्हा जावं लागणार नाही. मळलेली वाट आहे ती राहू द्या. अवशेष सगळे वाटेच्या बाजूला आहेत, कारण शहाणी माणसं जिथे पाय ठेवत नाहीत तिथेच अवशेष टिकतात. एक प्लॅटफॉर्म आहे, पण तो अंग भाजणाऱ्या खाजऱ्या पाल्याखाली आहे, आणि तो तिथेच आहे हे मी माझ्या नडगीने शोधून काढलं. एक मालडबा आहे, त्यात कोंबड्या राहतात. ह्यांनी त्या डब्याचं जन्मवर्ष सांगितलं. (कोंबड्यांनी आदराने ऐकलं. मी नाही.) गँगमनची विटांची झोपडी आहे, तिच्या चुलाण्यात कावळ्यांनी संसार मांडलाय. खाली ओढ्याकाठी जुन्या पुलाचे दोन दगडी खांब आहेत, मध्ये पूल नाही. ‘काय बांधकाम आहे!’ असं हे म्हणाले आणि नसलेल्या पुलाकडे बराच वेळ पाहत राहिले. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. आमचा संसार ह्याच पद्धतीने चालला आहे. पिकव्हान्स फोटो काढत होते. प्रत्येक फोटोत मापासाठी म्हणून मला उभं केलं. ब्लॅकबेरीच्या काट्यांना माझा चांगला स्कर्ट फार आवडला. ह्यांनी एक गंजका बोल्ट खिशात घातला, तो आता माझ्या ओट्यावर आहे आणि हलवायचा नाही असा हुकूम आहे.

दुपारी खिंडीशी पोचलो तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते. अंड्याची सँडविचं तेवढी शिल्लक होती. फाटक उघडं होतं आणि फाटकाशी मिस्टर ट्रेंचर्ड त्यांच्या लॅब्राडॉरसकट उभे होते. आता तुम्हीच सांगा, दारात घरमालक उभा असताना काहीही न बोलता त्याच्या पुढून निघून जाणारी बाई तुमच्या भावाने केली असती का? कॉन्व्हेंटात आम्ही खिडकी उघडायलासुद्धा परवानगी मागत असू. मदर इग्नेशियस म्हणत, स्वर्गाच्या दाराशीही आधी टकटक करायची. मी हसले आणि म्हटलं, “माफ करा हं, आम्ही इथून गेलो तर तुमची काही हरकत नाही ना?”

मागे पिकव्हान्सांच्या हातातलं सँडविच पडलं. लॅब्राडॉरने ते खाल्लं.

“अजिबात नाही, बाई,” मिस्टर ट्रेंचर्ड म्हणाले. इतकं आनंदी माणूस मी नाताळातही पाहिलेलं नाही. “तुम्हा तिघांनाही माझी परवानगी आहे. विचारलंत, फार बरं वाटलं. असंच विचारत चला.”

“थँक्यू,” मी म्हटलं. (म्हणणारच!)

 पुढच्या वळणावर पिकव्हान्सांनी मला तिसरी अट सांगितली. कुणाचीही परवानगी न मागता चाललेलं असलं पाहिजे. मागितली की संपलं; मग तो हक्क नव्हे, मेहेरबानी.

“वीस वर्षं, विनिफ्रेड! वीस वर्षं लोक गप्प चालले, आणि तुम्हाला आजच वाचा फुटली?”

“मग चहा तुम्ही करायचात आणि कायदा मला ऐकू द्यायचात,” मी म्हटलं.

“तिला ओरडू नका हो,” हे म्हणाले. मला क्षणभर बरं वाटलं. मग म्हणाले, “ती दुकानात सुट्टे पैसे परत घेतानासुद्धा माफी मागते. जन्माची खोड आहे.”

थोडक्यात, गावाने लावलेल्या वकिलांच्या मते आम्ही तिघंही साक्षीला बाद. एकटी हेस्टर उरली. आणि मंगळवारी मिस्टर ट्रेंचर्ड आलूबुखारांची टोपली आणि फाटकाची एक किल्ली घेऊन स्वतः हेस्टरकडे गेले. ‘खास तुमच्यासाठी. मिस्टर ब्लाउंटना भेटायला तुम्ही केव्हाही जा.’ ती किल्ली मुठीत धरून हेस्टर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी म्हटलं, “घे गं बाई, वाटेचं गाव बघेल काय ते. एडगरचा चहा तरी चुकायचा नाही.”

“पोरी, जो किल्ली देतो तो परत मागू शकतो,” ती म्हणाली. (ती चौऱ्याऐंशीची, म्हणून मी पोरगी.) “उद्या त्याने शेत विकलं तर? नवा माणूस म्हणाला, कोण तू? साठ वर्षं झाली आमच्या लग्नाला. एडगरकडे जायला मी कुणाला विचारत बसू?”

तिने आलूबुखार ठेवून घेतले आणि किल्ली परत पाठवली. त्यांचा मुरंबा चांगला झाला आहे. पुढच्या महिन्यात फाटकाला कुलूप लागलं आणि तोवर साक्षी उभ्या राहिल्या नाहीत, तर कप तसाच निवत राहणार. रात्री गुडघ्यांपेक्षा हेच जास्त ठणकतं. पण ते असो. तुम्हाला उगाच त्रास नको. तब्येतीला जपा, ओल्या वाळूत अनवाणी चालू नका.

तुमची भावजय,
विनिफ्रेड

ता. क. उगाच त्रास नको असं वर लिहिलं, पण थोडा द्यायचा आहे. तुम्ही इथे तीस वर्षं राहिलात, ऊन असो बर्फ असो रोज कुत्र्याला घेऊन लाईनवर गेलात, आणि गाव सोडून तुम्हाला चारच वर्षं झाली. वकील म्हणतात, अशी एक साक्ष मिळाली तर हेस्टरच्या जोडीला उभी राहते. त्यांनी मला विचारलं, तुमच्या नणंदेने कधी कुणाची परवानगी मागितली होती का? मी म्हटलं, माझ्या नणंदेने? जन्मात कुणाची, कशासाठीही नाही. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलं आहे, पण स्तुती म्हणून प्रथमच. गुरुवारी या. मागची खोली तयार आहे.

ता. क. दुसरा. हे पत्र पेटीत टाकण्याआधी हेस्टरबरोबर लिडस्टनला जाऊन आले. फाटकाशी मिस्टर ट्रेंचर्ड होते. त्यांनी टोपी उचलली, फाटक स्वतः धरून ठेवलं आणि म्हणाले, “या, या, माझी परवानगी आहे.” हेस्टर वॉकर ढकलत सरळ निघून गेली. मागोमाग मीही गेले. वन्सं, त्यांनी फाटक धरलं होतं, आणि मी थँक्यू म्हटलं नाही. घरी आल्यापासून अंगात कणकण आहे.