मेलेल्यावर जगणारं फूल

प्रिय चंदना,

हे पत्र आमच्या कॉलेजातल्या धुळामामा शिपायांच्या हाती देते आहे. ते तुमच्याच गावचे, संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. काल तुझ्याशी बोलणं झाल्यावर पुन्हा दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुझ्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला.

तीन वर्षांपूर्वी पर्युषणात, कुठलाही जीव न दुखवायच्या त्या दिवसांत, मी तुमच्याकडे आले होते. उसाच्या बुडात ती फुलं दिसली. पान नाही, हिरवा कण नाही. नुसता दांडा आणि टोकाला चिलमीसारखं वाकलेलं जांभळट फूल. तुझ्या सासूबाई, पद्मावतीकाकू, म्हणाल्या, "ह्या दिसांत उपटाय नको वाटतंय. पर उसाला खात आसलं तर?" तू मला कोपरानं ढोसलंस, "सांग की मास्तरीणबाई!"

हिरवेपणा नसलेल्या फुलझाडांचे आम्ही दोन गट शिकवायचो. जिवंत झाडावर जगणारी ती परोपजीवी, कुजक्या पाल्यावर जगणारी ती मृतोपजीवी. सरीत पाचट कुजत होतं. मी वाकून पाहिलंही नाही. म्हटलं, हे मेलेल्यावर जगतंय. काकूंचा चेहरा उजळला. "मग ऱ्हाऊ दे त्येला. आपल्यापरास बरं हाय की, कुनाचा जीव घेत न्हाई." तेव्हापासून त्या तण काढायला, भांगलणीला येणाऱ्या बायकांना त्या फुलांना हात लावू देत नाहीत. त्या दिवशी मला किती बरं वाटलं, ते डायरीत लिहिलेलं आहे. ते पान आता वाचवत नाही.

गेल्या सप्टेंबरात आले, तेव्हा चार सऱ्यांतली फुलं अर्ध्या एकरात पसरली होती. ऊस पिवळा. तुझे मालक पाण्याला दोष देत होते. तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी एक गड्डा उकरला आणि सांगलीला आणून भिंगाखाली धरला. दांड्याच्या बुडाशी गाठ होती, आणि ती उसाच्या जिवंत मुळात शिरली होती. मग वाचत बसले. थेट कुजक्यावर जगणारं फुलझाड एकही नसतं, चंदना. कुणी मुळाला लागतं, कुणी बुरशीच्या आडून अन्न ओढतं. वीस वर्षं शिकवलेला तो गटच चुकीचा. वर्गात मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती सांगितली. तुम्हाला नाही.

काकूंना दुखवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या माझं नाव घेऊन फुलं दाखवतात, ते मला सोडवेना.

काल तू हसत सांगितलंस, रविवारी तुझा भाऊ सम्मेद लागणीसाठी उसाचं बेणं न्यायला येतोय. जतला कालव्याचं पाणी पोचलं, त्याच्या रानातला हा पहिला ऊस. त्या फुलाच्या एका बोंडात धुळीसारखं बारीक बी हजारोंनी असतं. बेण्याला चिकटलेल्या मातीतून ते जातं आणि उसाचं मूळ जवळ येईपर्यंत वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं. गाडी भरू देऊ नकोस. भावाला काय सांगायचं ते माझ्या नावावर सांग. काकूंशी मी उद्या सकाळी येऊन बोलते. तोवर त्यांना काही कळू देऊ नकोस, ते माझ्याच तोंडून कळायला हवं. आणि गेल्या सप्टेंबरापासून, मी गप्प असताना, आणखी कुणाकुणाला बेणं दिलंत, त्यांची नावं आठवून ठेव. मला त्यांच्या बांधावर जायचं आहे.

तुझीच,
संयोगिता