एकशे अठरा मीटरवरचा जोड

सिडको, औरंगाबाद
मंगळवार, २३ ऑगस्ट १९९४

ती. साडूभाऊ सांडूराव यांच्या सेवेशी,

बद्रीनाथचा सप्रेम नमस्कार. इकडं आम्ही दोघं जिवंत आहोत. खुशाल आहोत असं लिहायला हात धजत नाही. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? द्वारकाअक्कांचा खोकला थांबला का? म्हैस व्याली असेल तर तेही कळवावं. (हे वच्छलानं विचारायला सांगितलं आहे. मला सध्या म्हशीचा हेवा वाटतो. तिला कोणी मीटर लावून शोधत नाही.)

तुम्हाला ठाऊकच आहे, गेल्या गणपतीत मी आमच्या गल्लीत केबलविरुद्ध भाषण केलं होतं. पाऊण तास बोललो. ही तार घरात येते ती संस्कार बाहेर न्यायलाच, असं एक वाक्य त्यात होतं आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या. खाली अकरा घरांच्या सह्या घेतल्या. संक्रांतीपर्यंत त्यातल्या दहांनी केबल घेतली, अकरावा मी. पुढं केबलवाला बन्सी हात जोडून आला, म्हणाला, गुरुजी, पलीकडच्या घरांना वायर न्यायचीय, तुमच्या गच्चीवरून जाऊ द्या. मी मोठ्या मनानं परवानगी दिली. वर त्याला हेही ऐकवलं की वायर खुशाल जाऊ दे, पण तिच्यातला एक थेंबही माझ्या घरात पडणार नाही. (वायरीत थेंब नसतात, हे तो बिचारा बोलला नाही.)

घात शहागंजात झाला. केस कापायला गेलो होतो, तर न्हाव्याच्या दुकानात टीव्हीवर परदेशी कुस्त्या लागलेल्या. आमचे वडील पाचोडच्या बाजारात कुस्ती खेळलेले. माझं डोकं अर्धं कापून झालं तरी मला कळलं नाही. त्या दिवसापासून शाळेतून घरी आलो की गच्चीवरची ती काळी वायर मला हाका मारायची. नागपंचमीला वच्छला तुमच्याकडं चार दिवस आली, तेव्हा मी ब्लेड घेऊन वर चढलो. साडूभाऊ, ती वायर साधी नसते हो. वर काळं रबर, आत तांब्याची विणलेली जाळी, त्याच्या आत पांढरा फेस गोठल्यासारखं काहीतरी आणि सगळ्यांत आत एकच तार. एका तारेला इतकी वस्त्रं पाहून मला लाजल्यासारखं झालं. तरी मी ती सोलली, आपल्या जुन्या अँटेनाची चपटी वायर तिला पिळून जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि दुसरं टोक खिडकीतून टीव्हीला लावलं. पडदे ओढून, आवाज बंद करून कुस्ती पाहिली. पैलवान दोन होते, पण दिसत होते चार. प्रत्येकाच्या मागं करंगळीएवढं सरकून त्याचंच भूत उभं.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गल्लीच्या टीव्हीत भुतं निघाली. पलीकडच्या साळूबाईंकडं (ह्या एकट्या राहतात, ब्लाउज शिवतात आणि मशीन चालवताना टीव्ही लावतात) बातम्या सांगणाऱ्या बाईला दोन नाकं आली. बन्सी चार दिवस खांबांवर चढून बेजार झाला. शेवटी त्यानं पाराशी सगळ्यांदेखत सांगितलं, "कुणीतरी वायरीला हात लावलाय. कडूबामामा टेलिफोनातून रिटायर झालेत. त्यांच्याकडं असलं मशीन हाय की गिरणीजवळच्या केबलच्या डब्यापाशी बसून सांगतंय, किती मीटरवर गडबड हाय. रविवारी दहाला आणतो."

त्या क्षणापासून रविवारपर्यंत मी नीट जेवलो नाही. वर्गात एका पोरानं "सर, कवितेत मात्रा मोजायच्या का?" असं विचारलं, तर मोजणं हा शब्द ऐकून माझ्या हातातला खडू पडला. डोळ्यांपुढं एकच चित्र: शाळेतली पोरं, त्यांचे आईबाप, अकरा सह्यांचा कागद आणि मध्ये मी, हातात ब्लेड. बुधवारी सकाळी फिरायला निघाल्याचं दाखवून मी गिरणीपासून घरापर्यंतची पावलं मोजली. हिशेबानं शहाण्णव मीटर भरले. शुक्रवारी शाळेत जाण्याआधी जोड सोडवायला वर गेलो, चिकटपट्टी काढली, आणि जाळी आतल्या तारेला लागली मात्र, साळूबाईंचा आवाज आला, "गुरुजी, माझा टीव्ही गेला! वर काय करताय?" मी म्हटलं, कबुतरं हाकलतोय. साडूभाऊ, आमच्या गल्लीत कबुतरं नाहीत. मी पट्टी परत गुंडाळली आणि जिना उतरताना दोन पायऱ्या चुकलो.

रविवारी दहाला अख्खी गल्ली गिरणीपाशी. न जावं तर संशय, म्हणून मीही गेलो. कडूबामामांनी यंत्राची वायर डब्यात लावली, हिरवी रेघ उमटली. लोकांनी विचारलं तसं मामांनी समजावलं, "इहिरीचा जाड नाडा घ्या अन् त्याला बारकी सुतळी बांधा. इकडून झटका द्या. जोडापाशी थोडा झटका पुढं जातो, थोडा माघारी तुमच्या हातात येतो. वायरीचं तसंच. गोल वायरीला भलतीच वायर जोडली की सिग्नल तिथून माघारी फिरतो, इकडं आपटून पुन्हा उशिरानं पुढं जातो. तेच तुमचं भूत. हे मशीन झटका देतं अन् तो माघारी यायला किती वेळ लागला ते बघतं. त्यावरून मीटर." मला वाटलं, माझ्या छातीचे ठोकेही त्या रेघेत दिसत असावेत. रेघेवर एके ठिकाणी उंचवटा आला. मामा चष्मा पुसून म्हणाले, "एकशे अठरा."

एकशे अठरा! माझे शहाण्णव! साडूभाऊ, मला वाटलं यंत्र चुकलं, मी सुटलो. दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. बन्सीनं जमिनीवर टेप धरला, सगळे मागं निघाले. टेप माझ्या दारावरून गेला तेव्हा मी बाजूला होऊन वाटसुद्धा दिली. आणि तो साळूबाईंच्या भिंतीशी थांबला.

"व्हय साळूबाई, तुमीच वायर सोलली म्हना की," बन्सी बोलला. त्या बाईनं आपल्या शिलाई मशीनची शपथ घेतली की आपण गच्चीवर चढलोच नाही. कोणी ऐकेना. एकजण म्हणाला, हिची वायर कापा. दुसरी एक बाई म्हणाली, मग माझं कापडही परत द्या, अशा घरात नको. मोजायची पट्टी गळ्यात तशीच ठेवून साळूबाई कापड आणायला आत गेल्या.

मी मान वर केली ती लाज लपवायला. तर गिरणी आणि माझं घर यांच्यामधल्या खांबावर बन्सीनं जास्तीची वायर फेट्यासारखी गुंडाळून ठेवलेली दिसली. सात-आठ वेढे, मोठे. वीस-बावीस मीटर सहज. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्रानं वायर मोजली होती, गुंडाळी धरून. टेप जमीन मोजत होता. यंत्राचे एकशे अठरा आणि माझे शहाण्णव एकच होते. आणि हे त्या गर्दीत फक्त मला कळलं होतं, कारण शहाण्णव फक्त मीच मोजले होते.

घरी निघून जाता आलं असतं. खोटं कशाला लिहू, मी दोन पावलं टाकलीही. मग साळूबाईंनी बाहेर येऊन कापडाची घडी परत द्यायला हात पुढं केला, आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला. तो माझा वाटलाच नाही. "बन्सी, ती खांबावरची गुंडाळी वजा कर. टेप मागं घे. वायर माझ्या घरात गेलीय."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. आधी कुणालाच पटेना. मग कडूबामामांनी गुंडाळीकडं पाहिलं, मनाशी आकडा केला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी पायांतल्या चपला बघत राहिलो. वर जाऊन बन्सीनं चपटी वायर उपटून आणली. साळूबाई आत जाऊन मशीनवर बसल्या आणि त्यांची मशीन सुरू झाली. एवढाच आवाज होता गल्लीत. बाकी सगळं ठीक. घरातल्या मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
बद्रीनाथ

ता. क. अक्कांना यातलं काही सांगू नये.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट लिहायची राहिली. वायर माझ्या घरात गेली आहे, एवढं मी म्हणालो ते खरं. पण बन्सीनं लगेच विचारलं, "वढली कुनी?" त्या वेळी जीभ इतकी कोरडी पडली होती की "आमच्या बिडकीनच्या साडूंनी, मी शाळेत असताना, मला न विचारता" एवढं मोठं वाक्य कसं निघालं, मला सांगता येत नाही. तर येत्या रविवारी दहाला आपण यावं. बन्सी विचारील, आपण फक्त "व्हय" म्हणावं. आपण मुळातच कमी बोलता. शिवाय आपल्याला इथं कोणी ओळखत नाही, आणि मला वर्गात रोज उभं राहायचं आहे. कडूबामामा त्या वेळी नसतील असं पाहतो. त्यांचं यंत्र माणसाला लावत नाहीत म्हणतात, तरी मला खात्री नाही.

दाजी, वच्छलाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. मी आत्ताच साळूबाईकडं जाऊन आले आणि वायर कुणी ओढली ते सांगून आले. ती म्हणाली, मला ठाऊक हाय, पण गुरुजी निदान तोंड तर उघडले. बन्सीला मी काही बोलले नाही अन् बोलणारही नाही. तुम्ही रविवारी येऊ नका. तुम्ही आला नाहीत म्हणजे यांनाच बन्सीपुढं जावं लागंल. म्हशीचं तेवढं कळवा.