अलिसी मागे का वळली

उपोलू, सामोआ
१४ मार्च २०१०

प्रिय फेलेती,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू पाठवलेला रेडिओ मिळाला. तिकडे न्यूझीलंडात सफरचंदांच्या बागेत गारठा सुरू झाला असेल, छाती सांभाळ. इकडे डुकरीण व्यायली आणि पाद्रीबुवांचं प्रवचन अजूनही संपता संपत नाही.

तुझी लोसा बरी आहे. चक्क भांडायला लागली आहे! त्सुनामीनंतर हो-नाहीपलीकडे शब्द नव्हता, आणि परवा मला म्हणते, "आत्या, टारोच्या कंदांत मीठ कुठाय?" मी पातेलं घेऊन रडतच बसले.

हे सगळं सेफिनामुळे. ती समुपदेशक बाई, दर गुरुवारी आपिया शहरातून लाटेतून वाचलेल्या मुलांशी बोलायला येते. मी आधी तिला फटकारलं होतं, "बोलून काय मेलेलं माणूस परत येतं?" लोसाही मान खाली घालून "हो बाई, नाही बाई" करायची. मोठ्यांपुढे तोंड उघडू नये, हे आपणच शिकवलेलं. मग सेफिना स्वतः जमिनीवर बसली आणि पोरीला वर खुर्चीत बसवलं. मोठ्या माणसापेक्षा पोर उंचावर, मला तर घामच फुटला! पण चौथ्या गुरुवारी लोसा बोलली.

"दप्तर राहिलं म्हणून मी रडले. म्हणून आई मागे वळली. मीच मारलं तिला."

नऊ वर्षांची पोर इतके महिने हे मनात घेऊन जगत होती.

फेलेती, आता लिहितेच. अलिसी आपणहून मागे वळली, असं मी तुला अंत्यविधीला सांगितलं, ते खोटं होतं. आम्ही टेकडीच्या वाटेला लागलो होतो. मीच ओरडले, "आईची मानाची चटई राहिली, पळ, घेऊन ये!" त्या चटईबरोबर घराण्याची अब्रू वाहून जाईल, एवढंच तेव्हा डोक्यात. तुझ्या बायकोनं माझा शब्द कधी मोडला नव्हता.

मी हे तिथेच लोसाला सांगितलं. ती खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर आली. मग म्हणाली, "म्हणजे दप्तरासाठी नाही?"

"नाही गं बाळा."

तेव्हापासून ती अंथरूण ओलं करत नाही. माझ्यावर मात्र मधूनच जाम भडकते. सेफिना म्हणते, भडकू द्या. काल माझाच हात धरून गुडघाभर समुद्रात गेली.

आपल्यात भाऊ बहिणीपुढे आवाज चढवत नाही. तूही गप्प बसून माझा मान राखशील, मला ठाऊक आहे. तसं करू नकोस. फोन कर आणि तोंडाला येईल ते बोल. मी ठेवून देणार नाही.

जिला मान नको, तुझा राग ऐकायचा आहे अशी,
तुझी बहीण
मालिए